मानपत्राची मागची बाजू

स्वतःच्या सत्काराचं मानपत्र स्वतःच सांगून लिहून घेणारा माणूस माधवीने आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की अकरा वर्षं ती त्याच्याच हाताखाली टायपिंग करत होती. युवराज वकील. बारामतीत कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस. साहेबांना पन्नास पुरी होत होती, म्हणून 'मित्रपरिवारा'ने मंगल कार्यालयात जाहीर सत्कार ठेवला होता. मित्रपरिवार म्हणजे कोण, तर साहेब आणि साहेबांचा खताच्या दुकानवाला मेहुणा. तिसरा कोणी असलाच तर तो माधवीने तरी बघितला नव्हता.

"घे लिहून," साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ज्येष्ठ नागरिक कायदा आणि वारसा नियोजन या क्षेत्रातलं पश्चिम महाराष्ट्रातलं अग्रगण्य नाव."

माधवीने लिहून घेतलं. अग्रगण्य म्हणे. हा गृहस्थ वकिलीची परीक्षा चौथ्या दणक्याला पास झाला होता. पुढची कितीतरी वर्षं अपघाताच्या केसेस धरण्यात गेली, म्हणजे दवाखान्याच्या दारात वकीलपत्र घेऊन उभं राहायचं आणि प्लास्टरमधल्या माणसाची सही घ्यायची. मग त्या धंद्यात तरणी पोरं घुसली, त्यांच्याकडे मोटारसायकली जास्त जोरात पळणाऱ्या होत्या. तेवढ्यात कोणीतरी साहेबांच्या कानात सांगितलं की आता म्हाताऱ्या माणसांचा जमाना आला आहे. मुलं पुण्या-मुंबईला, जमिनीचे भाव आभाळाला, जो तो मृत्युपत्र करतोय. साहेब पुण्याला एका हॉटेलात दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. दुसऱ्या दिवशीचं जेवण उरकून परतही आले, कारण बारामतीची गाडी चुकली असती. प्रमाणपत्र मागाहून पोस्टाने आलं. पुढच्या सोमवारी दारावरची पाटी बदलली.

"सिंगापूरचं पण टाक," साहेब म्हणाले. "आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग."

सिंगापूरला ते मेहुण्याच्या जागी गेले होते. खताच्या कंपनीने दुकानदारांची सहल काढली होती आणि मेहुण्याला कावीळ झाली. तिथे एका मोठ्या हॉलबाहेर कसल्या तरी परिषदेचा फलक होता, त्याच्यापुढे उभं राहून साहेबांनी फोटो काढून घेतला. तो फोटो आता ऑफिसात भिंतीवर होता. भिंतीवर एकूण सोळा चौकटी. त्यातली एक रक्तदानाची, एक गणेशमंडळाची आणि एक चक्क मुलाच्या चित्रकलेच्या परीक्षेची. येणारी म्हातारी माणसं मान वर करून त्या सगळ्यांकडे देवाच्या फोटोकडे बघावं तशी बघायची. वाचायचं कोणीच नाही. साहेबांचा सगळा संसार त्या न वाचण्यावर उभा होता, असं माधवीचं स्पष्ट मत होतं.

"मृत्युपत्रं किती झाली आपली?" साहेबांनी विचारलं.

बघावं लागेल, असं ती म्हणाली. बघ, पण हजाराच्या खाली लिहू नको, असं सांगून साहेब शालीचा रंग पसंत करायला निघून गेले.

हजार कसली, कपाटात फायली होत्या तीनशेच्या आसपास. त्या चाळता चाळताच माधवीच्या हाताला ठमाबाईची फाईल लागली.

ठमाबाई म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची म्हातारी. वय एक्याऐंशी. तरुणपणी वांगी-मिरच्यांच्या पाट्या डोक्यावरून बाजाराला नेऊन तिने स्वतःच्या नावावर दीड एकर घेतलं होतं आणि त्यातच दोन खोल्या बांधल्या होत्या. थोरला मुलगा ज्ञानेश पिंपरीला, त्याने नऊ वर्षांत आईचं तोंड बघितलं नव्हतं. धाकटा वारला. त्याची बायको संजीवनी, पोरबाळ नाही, पण माहेरी गेली नाही. सासूला अंघोळ घालते, रानात पेरू बघते, बाजारही तीच करते. चार वर्षांपूर्वी म्हातारीने ऑफिसात येऊन एका वाक्यात सांगितलं होतं, "माझ्यामागं हिला कुणी उठ म्हणता कामा न्हाय." आणि त्याला कारण होतं. मेलेल्या मुलाची बिनपोराची बायको, तिला सासूच्या मालमत्तेत वारसा नाही. कागद नसेल तर सगळं ज्ञानेशचं. संजीवनीच्या डोक्यावरचं छप्पर त्या एका मृत्युपत्रावर होतं.

माधवीने मृत्युपत्र सहज वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर ती अडकली. म्हातारीचं नाव बरोबर, संजीवनीचं बरोबर, गाव वरकुटे बरोबर. पण गट नंबर सांगवीचा. आणि खाली जमिनीच्या चार बाजू, ज्याला कागदात चतुःसीमा म्हणतात, त्याही सांगवीच्या. सांगवीच्या आप्पासाहेबांचं मृत्युपत्र त्याच आठवड्यात झालं होतं. साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं, सांगवीचा मजकूर घे, नावं बदल, बाकीचं मी बघतो. तिने नावं बदलली. बाकीचं साहेबांनी बघितलं नाही. म्हातारीने सातबारा आणला होता, तो फाईलमध्ये घडीसुद्धा न मोडता तसाच होता. शेवटच्या ओळीत मात्र ठसठशीत लिहिलं होतं, 'सदर मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली म्हातारीचा अंगठा. साक्षीदार नेहमीचेच, खालचा झेरॉक्सवाला आणि समोरचा चहावाला.

कोणी वाचून दाखवलं होतं? कोणीच नाही. ती ओळ माधवीनेच टाइप केली होती. साहेबांना शिव्या घालताना अर्धी शिवी आपल्यालाही लागू होते, हे तिला त्या दिवशी कळलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, तिने फाईल साहेबांपुढे ठेवली. म्हातारीला येत्या बुधवारी पुण्याला नेऊन हृदयाची झडप बदलायची आहे, हेही सांगितलं. संजीवनीचा तसा फोन येऊन गेला होता. एक्याऐंशीव्या वर्षी त्या टेबलावरून माणूस उठेलच असं कोणता डॉक्टर सांगतो?

साहेबांनी पान बघितलं. क्षणभर त्यांचाही चेहरा उतरला, हे खरं. मग त्यांनी फाईल मिटली.

"म्हातारी हाय तवर काय बिघडतंय?" ते म्हणाले. "आणि गेलीच, तर ज्ञानेश भांडायला येईल. मग संजीवनी कुठं जाणार? आपल्याकडंच येणार की. दुरुस्तीचा दावा टाकू."

आपणच केलेली चूक, आणि त्याच चुकीवर पुढची केस. अपघाताच्या केसेस सोडल्या म्हणे या माणसाने. अहो, सोडल्या कुठल्या, आता तो अपघात स्वतःच करत होता.

निदान सत्काराच्या दिवशी तरी करून घेऊ, ती म्हणाली, म्हातारी येणारच आहे. बघू, सत्कार होऊ दे, असं म्हणून साहेबांनी फाईल कपाटात टाकली. वर एवढंही सुनावलं की ऑफिसची गोष्ट बाहेर गेली तर नोकरी गेली असं समज. माधवीला नवरा नव्हता, पोरगी कॉलेजात होती, आणि हे साहेबांना चांगलंच ठाऊक होतं.

म्हातारी येणार होती, कारण साहेबांनी 'लाभार्थी' बोलावले होते. ज्यांची मृत्युपत्रं केली त्या दहा-बारा म्हाताऱ्यांना गाडी पाठवून आणायचं, पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यातल्या दोघा-तिघांना माइकवर चार शब्द बोलायला लावायचं. सोबत मोफत रक्तदाब तपासणी शिबीर, म्हणजे वर्तमानपत्रात फोटो येतो. खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम माधवीकडे होतं. तिने ठमाबाईची चिठ्ठी डावीकडून तिसऱ्या खुर्चीला लावली. चौथ्या खुर्चीला सांगवीच्या आप्पासाहेबांची. यातून नक्की काय निघणार हे तिला माहीत नव्हतं. पण लावली.

रविवारी सकाळी हॉल भरला. कोपऱ्यात टेबलावर डॉक्टर निकिता हाताला पट्टे बांधून दाब मोजत होती. म्हातारे आपापला दाब एकमेकांना सांगत होते, ज्याचा जास्त त्याचा मान मोठा. व्यासपीठावर एक निवृत्त न्यायाधीश, मेहुणा आणि मधोमध साहेब, तपकिरी कोटात. ठमाबाई संजीवनीचा हात धरून आली, धाप लागलेली, ओठ निळसर. बसल्यावर तिने आधी शेजारच्या आप्पासाहेबांची चौकशी केली, ऊस कधी तुटणार विचारलं. ते म्हणाले, कारखान्याची टोळी यायचीय. मग दोघांनी मिळून कारखान्याला नावं ठेवली.

माधवी पाणी द्यायला गेली. बोलू की नको, असं तिला चार वेळा झालं. शेवटी वाकून, ग्लास हातात देताना ती हळूच म्हणाली, "आजी, बुधवारच्या आधी तुमचं मृत्युपत्र एकदा वाचून घ्या. साहेबांना वाचायला लावा." आणि पिशवीतून काढलेली प्रत तिने म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं. साठ वर्षं बाजारात बसलेली बाई ती, गिऱ्हाईक काय लपवतंय हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

मानपत्र मेहुण्याने वाचलं. अग्रगण्य झालं, सिंगापूर झालं, हजाराहून अधिक कुटुंबांचे आधारस्तंभ झालं. 'ज्येष्ठांचा श्रावणबाळ' हे तर मेहुण्याने जागच्या जागी घुसडलं, ते माधवीने लिहिलंच नव्हतं. टाळ्या पडल्या. शाल, नारळ, चौकटीतलं मानपत्र. साहेबांचे डोळे पाणावले, आणि ते खरंच पाणावले होते, हेच माधवीला सगळ्यात किळसवाणं वाटलं. माणूस खोटं सांगतो हे एकवेळ चालेल, पण स्वतःच त्याच्यावर विश्वास ठेवतो म्हणजे काय.

मग लाभार्थ्यांचे मनोगत. पहिलं नाव ठमाबाईचं. तिला व्यासपीठावर चढवेना, म्हणून माइक खाली आणला. साहेब स्वतः उतरून, हात जोडून, फोटोवाल्याकडे तोंड करून तिच्याशेजारी उभे राहिले.

"मला बोलता येत न्हाय," ठमाबाई म्हणाली. "माझा कागद ह्या वकिलांनी केला. पर मला वाचता येत न्हाय आन् त्या दिवशी कुणी वाचून दावला न्हाय. आज येवढी मानसं हाईत. आज वाचा."

साहेब हसले. मृत्युपत्र ही खाजगी बाब असते आजी, असं म्हणाले. म्हातारी म्हणाली, माझं हाय, मीच सांगतीय वाचा म्हणून. हॉलमध्ये लोक कौतुकाने हसले, कोणीतरी टाळी वाजवली. वरून न्यायाधीशही मान हलवून म्हणाले, वाचा की, चांगला पायंडा आहे. साहेबांनी माधवीकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर दाराबाहेर गेली असती. माधवी जागची हलली नाही.

म्हातारीने मांडीवरची प्रत पुढे केली आणि साहेबांनी वाचायला सुरुवात केली. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, वगैरे वगैरे, ते मोठ्या आवाजात. मिळकतीच्या वर्णनाजवळ आल्यावर आवाज एकदम घाईत आला, आणि 'वरीलप्रमाणे मिळकत' असं म्हणून ते पुढे सरकू लागले.

"चारी बाजू वाचा," ठमाबाई म्हणाली. जमीन घेणाऱ्या माणसाला आकडे पाठ नसतात, बाजू पाठ असतात.

वाचाव्या लागल्या. पूर्वेस ओढा. दक्षिणेस जुनी मोटेची विहीर व प्रयागबाई यांची मिळकत. पश्चिमेस पाणंद रस्ता. उत्तरेस मसोबाची चिंच.

ठमाबाईच्या कपाळाला आठी पडली. पण तिने तोंड उघडायच्या आधी शेजारच्या खुर्चीतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"थांबा वकील," आप्पासाहेब उठत म्हणाले. "मसोबाची चिंच माझी हाय. विहीर माझी. प्रयागबाई माझी चुलती. ही बाई माझं रान सुनंला कशी देतीय?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. साहेब म्हणाले, टायपिंगची चूक आहे, आमच्या ऑफिसातल्या बाई... आणि बोट माधवीकडे केलं.

"टाइप मीच केलं," माधवी म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "चूक माझी पण हाय. मी गुरुवारी साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, म्हातारी गेल्यावर दावा टाकू."

यानंतर कोणी हसलं नाही. ठमाबाईने संजीवनीकडे बघितलं. संजीवनी पांढरीफटक पडली होती, बुधवारचा अर्थ तिला आत्ता कळत होता. पहिल्या रांगेतले बाकीचे म्हातारे एकेक करून आपापल्या पिशव्या चाचपू लागले, जणू त्यांचे कागद तिथेच होते. एकाने तर उभं राहून विचारलं, वकील, माझ्या कागदात कुणाचं रान हाय?

साहेबांचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं होतं. सोळा चौकटी भिंतीवर, सतरावी हातात, आणि चार बाजू धड लिहिता आल्या नाहीत. तरी कोट सावरून ते म्हणाले की काळजी नको, उद्या स्टँप पेपर आणून, ऑफिसात रीतसर, नव्याने, योग्य त्या पद्धतीने करू.

"स्टँप लागत न्हाय," माधवी म्हणाली. अकरा वर्षं हे वाक्य तिने गिळलं होतं. "साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात, बास." तिने वर व्यासपीठाकडे बघितलं. न्यायाधीश, साहेबांकडे न बघता, म्हणाले, "चालतो."

मग वेळ कसला. ठमाबाई म्हणाली, आत्ता करा, इथंच. डॉक्टर निकिताने तिची नाडी बघितली, वार विचारला, गावचं नाव विचारलं. रानात काय लावलंय विचारल्यावर म्हातारीने पेरूच्या झाडांची संख्या सांगितली आणि यंदा भाव पडल्याबद्दल दोन मिनिटं ऐकवलं. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, डॉक्टर म्हणाली, मी साक्षीला सही करते. दुसरे साक्षीदार आप्पासाहेब, ते म्हणाले, माझं रान परत मिळाल्याशिवाय मी तरी कुठं जातोय. माधवीने संजीवनीला हॉलबाहेर पाठवलं. ज्याला मिळायचं त्याने कागदाजवळ उभं राहू नये, हे तिला पाटीवरच्या तज्ज्ञाने नव्हे, पूर्वी इंदापूरला झाडाखाली बसून दस्त लिहिणाऱ्या तिच्या वडिलांनी शिकवलं होतं.

कागद मात्र नव्हता. पत्रिका दोन्हीकडून छापलेल्या. डॉक्टरच्या चिठ्ठ्या एवढ्याशा. माधवीने पिशवीत हात घातला तर मानपत्राची छापखान्यातून आलेली कच्ची प्रत निघाली, जाड, चांगल्या कागदाची. तिने ती पालथी घातली. मागची बाजू कोरी होती.

सातबारा झेरॉक्स काढून तिने गुरुवारीच पिशवीत ठेवला होता. त्यावरून गट नंबर घेतला. बाजू म्हातारीने सांगितल्या, डोळे मिटून, बांधावरून चालत असल्यासारख्या. उगवतीला भिमाचं डाळिंब. मावळतीला गाडीवाट. दक्षिणेला लिंबाची दोन झाडं, त्यातलं एक वाळलेलं. वरल्या अंगाला पाटाची चारी. माधवीने एकेक लिहून घेतली, एकही शब्द सुधारला नाही. व्यासपीठावर मेहुणा शाली गोळा करत होता. साहेब कुठे गेले ते कोणी बघितलं नाही.

लिहून झाल्यावर माधवीने शाईचं पॅड पुढे केलं. म्हातारीने अंगठा मागे घेतला.

"आधी वाच," ती म्हणाली.

माधवीने वाचलं. मोठ्याने, सावकाश, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. म्हातारी ऐकत राहिली. संजीवनीचं नाव आलं तेव्हा तिने मान हलवली. वाळलेलं लिंब आलं तेव्हा 'व्हय' म्हणाली. मग म्हणाली, पुन्हा वाच. माधवीने पुन्हा वाचलं, आणि त्यानंतरच शेवटची ओळ लिहिली, की वाचून दाखवले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती ओळ खरी होती. उद्या सकाळी इंदापूरला जाऊन हाच कागद नोंदवूनही घेऊ, तिने सांगितलं. उद्या तिला ऑफिसला जायचं नव्हतंच.

अंगठा उमटला. आप्पासाहेबांनी सही केली, डॉक्टरने केली. म्हातारीने शाईचं बोट पदराला पुसलं, कागद हातात घेतला, जाड आहे म्हणून बोटांनी चाचपला आणि उलटा केला. पलीकडे सोनेरी वेलबुट्टीत मोठमोठी अक्षरं होती, मध्ये साहेबांचा कोटातला फोटो. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्या अंगाला काय लिवलंय गं?"

"कामाचं काय न्हाय आजी," माधवी म्हणाली, आणि त्या बाजूवर तिने पेनने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली.